विकले कुणी? विकले कुणाचे?

व्यापारी वृत्तपत्रांत अधूनमधून एक बातमी ठळक अक्षरांत झळकते : अमुक नामांकित देशी कंपनी तमुक परदेशी कंपनीने 'संपादन' केली. शब्द मोठा सोज्वळ आहे. मराठी माणूस विद्या संपादन करतो, यश संपादन करतो, लोकांचा विश्वास संपादन करतो. कष्टाने आणि गुणाने मिळवायच्या गोष्टींसाठी आपल्या भाषेने राखून ठेवलेला हा शब्द आज पैशाच्या थैलीने उरकलेल्या खरेदीला बहाल केला जात आहे. प्रस्तुत लेखकाचे रोजचे काम भाषांतराचे. इंग्रजी अर्थवृत्ते मराठीत आणताना या शब्दापाशी लेखणी हटकून अडते. त्याच्याच पंगतीला 'निर्गुंतवणूक' हा दुसरा शब्द बसलेला असतो. सार्वजनिक मालमत्तेची विक्री असे स्वच्छ लिहिले तर वाचक विचारील, की कुणी विकली, कुणाची विकली, कितीला विकली? 'निर्गुंतवणूक' म्हटले की हे तिन्ही प्रश्न गळून पडतात.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत आपल्या देशात जे घडले ते याच तीन प्रश्नांच्या उजेडात पाहिले पाहिजे. थम्स अप, हमाम, मॉडर्न ब्रेड, लॅक्मे, रॅनबॅक्सी ही नावे दोन पिढ्यांच्या घराघरांतील आहेत. ती एकामागून एक परक्या मालकांकडे गेली. यावर हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु हळहळ म्हणजे भूमिका नव्हे. ही नावे उभी कुणी केली आणि ती विकण्याचा अधिकार कुणाला होता, या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून कामगारवर्गाला आपली भूमिका ठरवता येणार नाही.

दोन आवाज, एकच सूर

या विषयावर भांडवली वर्तुळांतून दोन आवाज ऐकू येतात. पहिला आवाज उदारीकरणाच्या पुरोहितांचा. भांडवलाला राष्ट्रीयत्व नसते, मालक मुंबईचा असो की लंडनचा, माल चांगला आणि स्वस्त मिळाल्याशी ग्राहकाला कर्तव्य, असे ते सांगतात. दुसरा आवाज 'स्वदेशी' उद्योगपतींचा. १९९३ साली मुंबईतील काही बड्या उद्योगपतींनी एकत्र येऊन परकी कंपन्यांशी स्पर्धा करताना आपल्याला समान संधी मिळावी, अशी मागणी केली. वृत्तपत्रांनी त्यांना 'बॉम्बे क्लब' असे नाव दिले. १९९१ मध्ये खाजगी क्षेत्रावरचे आणि मक्तेदारीवरचे निर्बंध उठले तेव्हा हीच मंडळी टाळ्या वाजवत होती. दार उघडल्यावर आपल्यापेक्षा मोठा पाहुणा आत शिरतो आहे हे दिसताच त्यांना राष्ट्र आठवले.

वरवर पाहता हे दोन आवाज परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोघांनाही एक गोष्ट मान्य आहे : कंपनी ही मालकाची खाजगी वस्तू असून ती ठेवण्याचा वा विकण्याचा हक्क सर्वस्वी त्याचा आहे. भांडण आहे ते फक्त भावाबद्दल. म्हणूनच बॉम्बे क्लबच्या गर्जनेनंतरच्या वर्षांत देशी मालकांनी आपल्या कंपन्या परक्यांना विकल्या, तेव्हा त्या वर्गातून निषेधाचा सूर उमटला नाही. उलट चांगला भाव मिळवल्याबद्दल विक्रेत्याचे अभिनंदन झाले. या व्यवहारांत बळजबरी कुठेच नव्हती. परकी भांडवल किल्ला फोडून आत आले नाही. किल्लेदाराने किल्ल्या मोजून दिल्या आणि मोबदला मोजून घेतला.

बाटलीतली स्वदेशी

शीतपेय ही काही जीवनावश्यक वस्तू नव्हे. परंतु या धंद्याचा इतिहास बोधप्रद आहे.

१९७३ च्या परकी चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपले भागभांडवल साधारणतः ४० टक्क्यांपर्यंत उतरवणे भाग पाडले. कोका-कोलाला हे मानवले नाही. १९७७ साली जनता सरकारच्या काळात तिने देशातून काढता पाय घेतला. तिची रिकामी जागा दोघांनी भरायला घेतली. सरकारी मालकीच्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने 'डबल सेव्हन' हे पेय काढले. त्याचा अर्क म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत सिद्ध झाला होता. दुसरीकडे पार्ले या खाजगी कंपनीने त्याच वर्षी थम्स अप बाजारात आणले. सरकारी पेय मागे पडले आणि थम्स अप देशभर पसरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थम्स अपचे यश निव्वळ मालकाच्या कल्पकतेचे नव्हते. जगातला सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी देशाच्या कायद्याने सोळा वर्षे दाराबाहेर ठेवला होता. त्या संरक्षित बाजारपेठेत हा मार्का वाढला. कायदा संसदेने केला होता आणि त्यामागे परकी मक्तेदारीविरुद्धच्या दीर्घ लोकलढ्याचे बळ होते. १९९३ मध्ये तेच कोका-कोला परत आले आणि त्याच वर्षी पार्लेच्या मालकांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा हे मार्के तिला विकून टाकले. कोका-कोलाला पेयाच्या कृतीची गरज नव्हती, ती तिच्याजवळ होतीच. तिने विकत घेतली ती देशभर पसरलेली बाटलीभरणीची आणि वितरणाची साखळी, आणि गिऱ्हाइकाच्या जिभेवर रुळलेले नाव. पुढे गोल्ड स्पॉट बंद करण्यात आले. थम्स अप मात्र मारता येण्याजोगे नव्हते म्हणून ठेवले. देशाने सोळा वर्षे दिलेल्या संरक्षणाची किंमत एका कुटुंबाने वसूल केली.

आता मॉडर्नची कथा पाहा. ही कंपनी १९६५ साली सार्वजनिक क्षेत्रात स्थापन झाली. शहरांतील कष्टकऱ्यांना माफक दरात पाव पुरवणे हे तिचे काम. २००० सालच्या जानेवारीत वाजपेयी सरकारने तिचे ७४ टक्के भाग १०५ कोटी ४५ लाख रुपयांना हिंदुस्तान लिव्हरला विकले. केंद्रीय सार्वजनिक उद्योगाचा ताबा खाजगी कंपनीला विकण्याची ही पहिली घटना. 'सरकारचे काम पाव भाजणे नव्हे' हे त्या वेळचे लाडके वाक्य. लिव्हरने तरी पाव भाजला का? काही वर्षे भाजला. मग या धंद्यात आपल्याला हवा तितका नफा नाही असे दिसताच २०१५-१६ मध्ये तो एका खाजगी गुंतवणूक संस्थेच्या कंपनीला विकून टाकला आणि २०२१ मध्ये तो मेक्सिकोच्या ग्रुपो बिंबोकडे गेला. कोका-कोला गेल्यावर तिची जागा भरू पाहणारे दोघेही, सरकारी आणि खाजगी, अशा रीतीने अखेर बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ताटात वाढले गेले. खाजगी मालकाने स्वतःच्या फायद्यासाठी विकले. जनतेच्या मालमत्तेचे विश्वस्त म्हणवणाऱ्यांनी कुणाच्या फायद्यासाठी विकले, हे त्यांनी आजवर सांगितलेले नाही.

साबणाचा सौदा

टाटा ऑइल मिल्स, अर्थात टोमको, ही १९१७ साली स्थापन झालेली कंपनी. हमाम, ५०१, मोती ही तिची उत्पादने. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला मोती साबण हवाच, ही महाराष्ट्रातील कित्येक घरांची रीत. युनिलिव्हरच्या हिंदुस्तान लिव्हरशी साबणाच्या बाजारात टक्कर देणारी ही बडी देशी कंपनी. १९९० नंतर तिचा तोटा वाढला हे खरे. परंतु तोट्यातील कंपनी सावरण्याचा मार्ग तिच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या पोटातून जातो, हा निष्कर्ष टाटांचा. १९९३ साली विलीनीकरण जाहीर झाले. टोमकोच्या दर १५ भागांमागे लिव्हरचे २ भाग असा विनिमयाचा दर ठरला. विलीनीकरणामुळे लिव्हरमधील युनिलिव्हरचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली घसरू नये म्हणून तिला बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दराने नवे भाग देण्याची तरतूदही योजनेत होती.

या सौद्याला आव्हान दिले ते कामगारांच्या संघटनांनी. हिंदुस्तान लिव्हर एम्प्लॉईज युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. साबणाच्या बाजारात मक्तेदारी निर्माण होईल, परकी कंपनीला स्वस्तात भाग मिळतील, कामगारांचे भवितव्य टांगणीला लागेल, हे मुद्दे कामगारांनी न्यायासनासमोर मांडले. १९९४ साली न्यायालयाने ते फेटाळले. १९९१ च्या दुरुस्तीने मक्तेदारी कायद्याचे दात अगोदरच काढून ठेवले होते. विलीनीकरणापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन उरलेच नव्हते. भागधारकांच्या प्रचंड बहुमताने योजना मंजूर केली आहे, हे न्यायालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या भागधारकांत सार्वजनिक वित्तसंस्था मोठ्या प्रमाणावर होत्या आणि त्यांनी विरोध केला नव्हता. विमाधारकांच्या आणि ठेवीदारांच्या घामाच्या पैशातून घेतलेल्या भागांची मते एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या मक्तेदारीला पूरक ठरली. ज्यांच्या नावाने ती मते होती त्यांना कुणी विचारले नाही.

टोमकोच्याच पोटी १९५२ साली जन्मलेल्या लॅक्मेचीही तीच गत झाली. आधी लिव्हरशी भागीदारी झाली आणि १९९८ मध्ये मार्काच विकला गेला. त्या पैशाच्या आधाराने टाटांनी कपड्यांच्या दुकानांचा धंदा उभारला. ज्याला आपण 'राष्ट्रीय उद्योग' म्हणून गौरवीत होतो तो त्यांच्या हिशेबवहीत भांडवलाचा एक खण होता. एका खणातून काढून दुसऱ्यात टाकायला त्यांना क्षणही लागला नाही.

जेथे नाव जाते तेथे जीव जातो

साबण आणि शीतपेय यांवाचून माणूस जगू शकतो. औषधावाचून नाही. म्हणून या प्रश्नाचे खरे गांभीर्य औषधांच्या धंद्यात दिसते. तेथील इतिहास थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील औषधबाजार परकी कंपन्यांच्या मुठीत होता आणि ब्रिटिशांनी केलेला १९११ चा पेटंट कायदा त्यांचे रक्षण करीत होता. अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉवर समितीलासुद्धा १९६० च्या सुमारास नमूद करावे लागले, की भारतासारख्या दरिद्री देशात औषधांच्या किमती जगात सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. ही कोंडी सार्वजनिक क्षेत्राने फोडली. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत हमायसीन हे नवे प्रतिजैविक शोधले गेले. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाच्या मदतीने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स स्थापन झाली आणि पुढे तिचे ऋषिकेश व हैदराबाद येथील कारखाने उभे राहिले. परकी कंपन्यांनी जे तंत्र देण्यास नकार दिला होता ते सोव्हिएत तंत्रज्ञांनी येथील तरुणांना शिकवले. हैदराबाद हे आज औषधनिर्मितीचे मोठे केंद्र आहे ते त्या कारखान्यात तयार झालेल्या रसायनतज्ज्ञांमुळे. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी हेही तेथूनच बाहेर पडलेले.

दुसरा आधार कायद्याचा. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळणार नाही, केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, असे त्याने ठरवले. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवण्याची वाट देशी कारखानदारांना मोकळी झाली. १९७५ च्या हाथी समितीने आणखी पुढे जाऊन औषध क्षेत्रातील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची शिफारस केली होती. ती शिफारस दप्तरात राहिली. तरीही सार्वजनिक कारखाने आणि पेटंट कायदा या दोन खांबांवर रॅनबॅक्सी, सिपला, डॉ. रेड्डीज, शांता बायोटेक यांचे वैभव उभे राहिले. त्याचे फळ जगाने पाहिले. २००१ साली एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने दहा हजार डॉलरच्या वर जात होता. सिपलाने तो ३५० डॉलरला देऊ केला. हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ मध्ये काविळीच्या 'ब' प्रकारावरील लस देशात बनवली आणि आयात लसीचा भाव कोसळला.

मग आली विक्रीची लाट. २००६ मध्ये मॅट्रिक्स अमेरिकेच्या मायलनकडे गेली. २००८ मध्ये डाबर फार्मा जर्मनीच्या फ्रेझेनियसकडे आणि रॅनबॅक्सी जपानच्या दाइची सांक्योकडे गेली. २००९ मध्ये शांता बायोटेक फ्रान्सच्या सनोफीकडे आणि २०१० मध्ये पिरामलचा देशी औषधविक्रीचा धंदा अमेरिकेच्या अॅबॉटकडे गेला. हा शेवटचा सौदा ३७२ कोटी डॉलरचा होता आणि त्याने अॅबॉट भारतातील सर्वांत मोठी औषध कंपनी झाली. या सौद्यातील एक अट विशेष पाहण्यासारखी आहे. पुढील आठ वर्षे विक्रेत्याने देशात या धंद्यात पुन्हा उतरायचे नाही, असे ठरले होते. खरेदीदाराने कारखाना आणि मार्के घेतलेच, शिवाय एका देशी उत्पादकाचे मौनही पैसे मोजून विकत घेतले. आणि गंमत अशी, की हीच पिरामल कंपनी १९८८ मध्ये निकोलस लॅबोरेटरीज घेऊन आणि पुढे परकी औषध कंपन्यांचे येथील धंदे विकत घेत मोठी झालेली. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट तिला सारखीच परिचित होती.

रॅनबॅक्सीचे प्रकरण तर 'देशी मालक' या कल्पनेवरचे भाष्यच आहे. २००८ च्या जूनमध्ये मालक कुटुंबाने आपला सुमारे ३५ टक्के हिस्सा ७३७ रुपये प्रति भाग या दराने विकला. त्यांच्या पदरात साडेनऊ हजार कोटींच्या आसपास रक्कम पडली. तीन महिने होतात तोच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने देवास आणि पावंटा साहिब येथील कारखान्यांच्या औषधांची आयात रोखली. २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने निकृष्ट औषधे आणि खोट्या नोंदी यांबाबत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य झाले. २०१६ मध्ये सिंगापूरच्या लवादाने निर्णय दिला, की विक्रेत्यांनी महत्त्वाची माहिती खरेदीदारापासून लपवली होती. त्यांना अडीच हजार कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश झाला. खरेदीदाराची फसवणूक झाली म्हणून लवाद बसला. ती औषधे ज्यांनी घेतली त्या रुग्णांसाठी, आणि कारखान्यांवरील बंदीमुळे ज्यांच्या हातचे काम गेले त्या कामगारांसाठी कोणता लवाद बसला? २०१५ मध्ये दाइचीने ही कंपनी सन फार्माला देऊन टाकली. रॅनबॅक्सी परत 'देशी' झाली म्हणून उत्सव करणाऱ्यांनी देवासच्या फाटकावर जाऊन विचारावे, की मालक दोनदा बदलल्याने कंत्राटी कामगाराच्या जिण्यात काय बदलले.

औषधाच्या बाबतीत तरीही एक गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या प्रचारात ठसठशीतपणे आली पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ मध्ये पदार्थाचे पेटंट परत आले. तेव्हा डाव्या पक्षांनी संसदेत घेतलेल्या भूमिकेमुळे कायद्यात काही बचावाची कलमे राहिली. सक्तीचा परवाना हे त्यांपैकी एक. २०१२ मध्ये प्रथमच त्याचा वापर झाला. बायरच्या नेक्सावार या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. हैदराबादच्या नॅटको कंपनीला परवाना मिळाला आणि तेच औषध ८,८०० रुपयांत देण्याचे बंधन तिच्यावर आले. आता कुणीही विचार करावा. सक्तीचा परवाना आपोआप मिळत नाही, तो मागणारा कुणी तरी उत्पादक लागतो. औषध बनवण्याचे ज्ञान, यंत्रसामग्री आणि पेटंटधारकाशी भांडण्याची तयारी असलेले कारखाने जर एकेक करून पेटंटधारकांच्याच मालकीचे झाले, तर परवाना मागायला उभे कोण राहणार? कायद्याचे कलम पुस्तकात तसेच राहील आणि निरुपयोगी होईल. परकी ताब्याने किमती ताबडतोब वाढतात की नाही या वादात आपले विरोधक आपल्याला गुंतवू पाहतात. मूळ धोका त्याहून खोल आहे. स्वस्त औषध बनवू शकणारा हातच विकत घेतला जात आहे.

ठरवले तर करता येते

याला दोन ठराविक उत्तरे दिली जातात. पहिले असे, की परकी गुंतवणुकीने कारखाने आणि रोजगार येतात. नवा कारखाना उभारला तर हे म्हणता येईल. उभा असलेला कारखाना विकत घेतल्याने देशात एका विटेची भर पडत नाही, फक्त मालकीची पाटी बदलते आणि मिळालेली रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जाते. नवा मालक दिलेली किंमत भरून काढण्यासाठी पहिली कात्री कुठे लावतो, हे औषध कंपन्यांच्या विक्री-प्रतिनिधींना आणि स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर 'स्वेच्छेने' सही करावी लागलेल्या कामगारांना विचारावे.

दुसरे उत्तर राष्ट्राभिमानाचे आहे. आपल्याही कंपन्या बाहेर जाऊन विकत घेतात, टाटांनी २००७ मध्ये ब्रिटनची कोरस घेतली, याचा अभिमान नको का? कोरसच्या पोर्ट टॅलबट कारखान्याच्या दोन्ही झोतभट्ट्या २०२४ मध्ये टाटांनी विझवल्या आणि हजारो वेल्श कामगारांच्या चुली धोक्यात आल्या. त्या कामगारांच्या दृष्टीने परकी मालक म्हणजे आपला 'राष्ट्रीय' टाटा. मालकाच्या पारपत्राचा रंग पाहून आनंद किंवा दुःख करणे आपले काम नव्हे. शिवडीचा साबण कामगार, देवासचा औषध कामगार आणि पोर्ट टॅलबटचा पोलाद कामगार यांची कैफियत एकच आहे. त्यांच्या श्रमाचा सौदा त्यांना न विचारता झाला.

सरकार म्हणते, जागतिक अर्थव्यवस्थेत आम्ही काय करू शकतो? हा बहाणा आहे. २०१३ मध्ये संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने चालू औषध कंपन्यांतील परकी गुंतवणुकीवर बंदी घालण्याची शिफारस केली. मोदी सरकारने २०१६ मध्ये नेमके उलट केले : अशा कंपन्यांत ७४ टक्क्यांपर्यंत परकी मालकीला आपोआप परवानगी दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंडियन ड्रग्ज बंद करण्याचा आणि हिंदुस्तान अँटिबायोटिक्स व प्रफुल्लचंद्र राय यांची बेंगॉल केमिकल्स विकण्याचा निर्णयही झाला. परंतु २०२० च्या एप्रिलमध्ये साथीच्या काळात कंपन्यांचे भाव कोसळले आणि एका चिनी बँकेने एचडीएफसीतील आपला हिस्सा एक टक्क्याच्या किंचित वर नेल्याचे दिसले, तेव्हा हेच सरकार खडबडून जागे झाले. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरीची अट रातोरात घालण्यात आली. म्हणजे बंदी घालता येते, मंजुरीची अट घालता येते. शेजारच्या देशाच्या एका टक्क्याने राष्ट्र धोक्यात येते आणि अमेरिकी कंपनीच्या ७४ टक्क्यांनी येत नाही, हा हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. तो वर्गहिताच्या आणि परराष्ट्रीय लाचारीच्या वहीत सापडतो.

आपली मागणी

देशी मालकांच्या गेलेल्या वैभवाबद्दल अश्रू ढाळण्याचे कामगारवर्गाला कारण नाही. त्यांनी चांगला भाव घेतला आहे. आपला मुद्दा हा, की त्यांनी जे विकले ते सर्वस्वी त्यांचे नव्हते. थम्स अपच्या नावात देशाने दिलेले संरक्षण होते. रॅनबॅक्सी आणि शांताच्या नावात १९७० चा कायदा होता, पिंपरी, ऋषिकेश आणि हैदराबादचे ज्ञान होते, पिढ्यानुपिढ्यांच्या कामगारांचे कौशल्य होते. समाजाने घडवलेली वस्तू एका सहीने विकली जाते तेव्हा त्या समाजाला हस्तक्षेपाचा हक्क आहे. या भूमिकेवरून आपण पुढील मागण्या उचलून धरल्या पाहिजेत.

एक : चालू औषध कंपन्यांचा ताबा परकी भांडवलाला देण्यावर संसदीय समितीच्या शिफारशीप्रमाणे बंदी घालावी आणि विक्रेत्याला त्या धंद्यातून बाहेर ठेवणाऱ्या अटी औषधांच्या बाबतीत बेकायदा ठरवाव्यात.

दोन : कोणत्याही मोठ्या कंपनीची विक्री किंवा विलीनीकरण तेथील कामगार संघटनेला सर्व कागदपत्रे देऊन आणि तिची सुनावणी घेऊन मगच व्हावे. कायम आणि कंत्राटी अशा दोन्ही कामगारांच्या नोकरीची व वेतनाची हमी सौद्याच्या करारातच असावी.

तीन : आयुर्विमा महामंडळ आणि इतर सार्वजनिक वित्तसंस्था अशा सौद्यांत आपली मते कशी व का देतात, हे त्यांनी जनतेपुढे जाहीर करावे.

चार : हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि बेंगॉल केमिकल्स विकण्याचा निर्णय रद्द करून मूळ औषधद्रव्यांचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात नव्याने उभे करावे. पेनिसिलिन बनवणारा पहिला कारखाना ज्या देशाने सत्तर वर्षांपूर्वी काढला, त्याने प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी परदेशी गोदीकडे डोळे लावून बसावे ही शरमेची बाब आहे.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात, इंदूर-देवासमध्ये, बडोद्याला, हैदराबादला जेथे जेथे आपले वाचक काम करतात, तेथे या मागण्या फाटकसभेत आणि वस्तीत नेल्या पाहिजेत. औषधाच्या दुकानात चिठ्ठी परत घेऊन 'निम्म्याच गोळ्या द्या' म्हणणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगण्यासाठी मोठ्या अर्थशास्त्राची गरज नाही. त्याला एवढेच सांगावे : तुझी गोळी स्वस्त करू शकणारा कारखाना विकला गेला, तुला न विचारता विकला गेला, आणि उरलेला वाचवायचा तर तुला, मला आणि त्या कारखान्यातील कामगाराला एकत्र उभे राहावे लागेल.